पायाचा कागद

"याचा ब्लाउज होत नसतो," आई म्हणाली आणि माझ्या हातातला खाकी कागद काढून घेऊन तिनं तो पुन्हा खिळ्याला अडकवला.

मी कागद नुसता उलटसुलट करून बघत होते, काही शिवायला बसणार नव्हते. पण त्या दिवशी कॉलेजातून तोंड फुगवून आले होते, आणि तोंड फुगलेल्या माणसाला साधं बोलणंसुद्धा टोमण्यासारखं लागतं. मी म्हटलं, ब्लाउज होत नाही तर मग भिंतीवर कशाला टांगलाय, पूजेला? शेजारी स्टुलावर हसीनाबी हुक लावत बसली होती. अठरा वर्षं ती आईकडे हुक-काज करत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात मात्र थांबवला.

गोष्ट दोन हजार दोन सालच्या जानेवारीतली. बार्शीत भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आईचं दुकान होतं, 'विमल लेडीज टेलर्स'. दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि कोपऱ्यात माप घ्यायला फुलाफुलांचा पडदा. वडील एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे घरी कमी आणि गाडीत जास्त. मी बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात कॉम्प्युटर कशाशी खातात हे फक्त मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बेताचंच.

पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत मी सपशेल आपटले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, ज्या क्लासपासून एकही ऑब्जेक्ट बनवता येत नाही, त्या ॲबस्ट्रॅक्ट क्लासचा उपयोग काय? मी म्हटलं, काहीच नाही सर. ते हसले. मग विचारलं, इनहेरिटन्समध्ये मुलीच्या क्लासला आईच्या क्लासमधलं सगळं वापरता येतं का? मी म्हटलं, हो सर, सगळं. आईचं ते मुलीचं, त्यात विचारायचं काय? ते आणखी हसले, शेजारच्या सरांना सांगून दोघं हसले, आणि चार दिवसांनी यादीत माझ्या नावापुढं नापास असं लागलं.

आता एप्रिलमध्ये तीच तोंडी परीक्षा पुन्हा द्यायची होती, वर प्रोजेक्ट करून दाखवायचा होता. नापास झाले तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर मामांनी आणलेलं माढ्याचं स्थळ पक्कं, असं वडिलांनी जेवताना दोनदा सांगून झालं होतं. आईनं दोन्ही वेळेला त्यांच्या ताटात भाकरी वाढून विषय बदलला होता. म्हणजे ती माझ्या बाजूची होती. पण तिची बाजू टिकायची तर मला पास होणं भाग होतं.

परीक्षकांचे ते दोन प्रश्न मी तिला त्या दुपारी चिडचिडत सांगितले. ऑब्जेक्ट नाही आणि क्लास नाही, तिला त्यातलं अक्षर कळलं नसणार. पण आईची एक सवय होती. न कळलेल्या गोष्टीला ती नावं ठेवत नसे, हातातलं काम दाखवत असे. तिनं कागद पुन्हा खिळ्यावरून काढला आणि टेबलावर पसरला.

"हा पायाचा कागद. खांदा हितं, काखेचा मुंढा हितं, कंबर हितं, टक्स हितं. गळा कुठाय सांग?"

मी शोधला. गळ्याच्या जागी कागद नुसताच सरळ सोडलेला होता, बाहीच्या जागीही काही नव्हतं.

"गळा आणि बाही गिऱ्हाईक सांगल तशी. गोल गळा, पानाचा गळा, मागनं बंद, कटोरी, प्रिन्सेस, सगळे ह्याच्यातनंच निघत्यात. पण गळा ठरल्याबिगर ह्याच्यावर कात्री चालवली तर जो होईल तो ब्लाउज कुणाच्याच अंगाला लागणार न्हाई. म्हणून हा शिवायचा नसतो. आणि हा नसंल, तर दर टायमाला सगळं पहिल्यापास्नं मांडत बसावं लागतंय."

मी त्या कागदाकडं बघतच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तीन महिने मी चारशे पानांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले होते, आणि उत्तर लहानपणापासून माझ्या डोक्यावर खिळ्याला लोंबत होतं. हसीनाबी म्हणाली, पोरीला काहीतरी सापडलं वाटतं, आणि पुन्हा हुक लावायला लागली.

प्रोजेक्ट तिथंच ठरला. आमच्या वर्गात सात जण ग्रंथालयाचा प्रोग्राम करत होते आणि पाच जण हॉस्पिटलचा. माझा एकटीचा शिंप्याच्या दुकानाचा. तांबोळी सर आमचे मार्गदर्शक, कडक माणूस. मी त्यांना सांगितलं की 'ब्लाउज' हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास, त्यात खांदा, मुंढा, कंबर सगळं आहे, फक्त गळा आणि बाही रिकामी. त्यातून 'कटोरी' आणि 'प्रिन्सेस' निघणार आणि आपापला गळा स्वतः भरणार. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बगाडे, हे तू पुस्तकातून आणलेलं नाहीस. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पेढेच. मग म्हणाले, आता यात खरी माहिती भर. मार्चच्या प्रदर्शनात गाव बघायला येतं, खोट्या नावांचा प्रोग्राम बघायला कुणाला हौस नसते.

आणि इथं घोडं अडलं.

खरी माहिती म्हणजे आईची मापाची वही. बाकीच्या दुकानांत शिंपी आकडे मोठ्यानं सांगतो आणि दुसरं कुणीतरी लिहून घेतं. आई तसं कधीच करत नसे. बाईला पडद्याआड न्यायची, टेप लावायची, आकडे मनात धरायची आणि बाहेर येऊन पाठमोरी होऊन वहीत लिहायची. वही कापायच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली कमरेला. हसीनाबीनंसुद्धा अठरा वर्षांत ती वही उघडली नव्हती. मी मागितली तेव्हा आईनं मशीन थांबवली नाही.

"वही दुकानाबाहेर जात न्हाई."

मी तिला समजावलं. वर्षाचा प्रश्न आहे, माढ्याचा प्रश्न आहे, फक्त पन्नास नावं. ती म्हणाली, तुला हवे तेवढे आकडे मी तोंडी सांगते, नावं तुझी तू घाल, गंगा, यमुना, काय वाट्टेल ती. मी पाय आपटले. बारा वर्षांच्या पोरीनं आपटावेत तसे, एकविसाव्या वर्षी. ती हलली नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आई अस्तर आणायला सोलापूरला गेली. ड्रॉवरमध्ये दोऱ्याच्या रिळांचाही साठा असायचा, म्हणून किल्ली माझ्याकडं देऊन गेली. हसीनाबीला दोरा लागला तर काढून दे, म्हणाली. दुपारी मी वही काढली. हसीनाबीनं पाहिलं.

"वही नको काढू पोरी," ती म्हणाली.

"आईनं सांगितलंय," मी म्हणाले.

त्या बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. खोटं तिला कळलं होतं. मालकिणीच्या पोरीला खोटं पाडणं तिला जमलं नाही इतकंच.

मी भराभरा पन्नास नावं उतरवून काढली. नाव, छाती, कंबर, उंची, मुंढा, आणि शेवटी आईनं लिहिलेला शेरा असेल तर तो. मी उतरवत होते, वाचत नव्हते. पुढं हे कुणाला पटलं नाही, पण खरं आहे. हात चालू होता आणि डोक्यात प्रदर्शन चालू होतं. संध्याकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तेच सगळं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत करून टाईप केलं.

प्रोग्राम मात्र चालेना. सरांनी शिकवलं होतं म्हणून मापांच्या पुढं मी 'प्रायव्हेट' हा शब्द लिहिला होता. एन्कॅप्सुलेशन म्हणतात त्याला, आपली माहिती आपल्या पोटात ठेवायची, मुलीच्या क्लासलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. आता पडद्यावर माप दाखवायला गेलं की कॉम्प्युटर म्हणे, हे प्रायव्हेट आहे, बाहेरून हात लावता येणार नाही. अशा बावीस चुका. दोन दिवस डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. जिथं जिथं 'प्रायव्हेट' होतं तिथं तिथं एका फटक्यात 'पब्लिक' करून टाकलं. बावीस चुका गेल्या, प्रोग्राम धावायला लागला. इतका आनंद झाला की येताना मी आईला गजरा आणला.

प्रदर्शन तीन मार्चला होतं. आई लग्नसराईच्या कामात बुडालेली, तिला यायला जमणार नव्हतं, आणि मनातून मला ते बरंच वाटत होतं. मी बोलावलं होतं होनराव बाईंना. कन्याशाळेत आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. उंच, ताठ बाई. फळ्यावर वर्तुळ काढायच्या ते हातानं, तरी गोल यायचं. आम्ही नववीत होतो त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायला लागल्या होत्या, आणि आम्ही पोरी म्हणायचो, बाई म्हाताऱ्या झाल्या. गणितात मला जे काही येत होतं ते त्यांच्यामुळं. त्यांनी माझा प्रोग्राम बघावा असं मला फार वाटत होतं.

त्या चारच्या सुमारास आल्या. बरोबर शाळेतल्या चौधरी बाई होत्या, आणि माझी वर्गमैत्रीण वर्षा त्यांना घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी पायाच्या कागदाची गोष्ट सांगितली. होनराव बाई खूश झाल्या. म्हणाल्या, शैलजा, ही कल्पना तुला समजली, म्हणजे गणितातलं अर्धं समजलं. मग पडद्यावरचं 'विमल लेडीज टेलर्स' वाचून हसल्या.

"पंधरा वर्षं तुझ्या आईकडं शिवून घेतेय मी. बघू तुझं यंत्र ओळखतंय का मला."

मी नाव टाईप केलं. ते माझ्याच बोटांनी टाईप केलं, हे मी आजही विसरलेले नाही.

पडद्यावर सगळं आलं. छाती, कंबर, उंची, मुंढा. आणि खाली शेऱ्यात, इंग्रजी अक्षरांत, आईचे शब्द: डावीकडे गादी, कापूस दोन थर, मऊ अस्तर, टीप आतून.

मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं. वर्षानं वाचलं. चौधरी बाईंचे ओठ हलताना मला दिसले, अक्षरं लावून लावून त्या वाचत होत्या, आणि मग त्यांची नजर पडद्यावरून होनराव बाईंच्या पदराकडं गेली. त्या उन्हाळ्यात बाई बहिणीकडं पुण्याला गेल्या होत्या, असं सगळ्या शाळेला माहीत होतं. कशासाठी गेल्या होत्या ते जवळजवळ सात वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

होनराव बाईंनी हात पुढं करून मॉनिटरचं बटण बंद केलं. पेपर तपासताना लावायच्या तोच आवाज लावून म्हणाल्या, "माप बरोबर आहे. विमलताईंचं माप चुकत नाही."

आणि पदर सावरून गेल्या. चौधरी बाई त्यांच्यामागं धावल्या.

मी सरळ दुकानात गेले आणि आईला सगळं सांगितलं. गुरुवार, किल्ली, हसीनाबीशी बोललेलं खोटं, प्रायव्हेटचं पब्लिक केलेलं, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मशीन थांबवली आणि विचारलं, कोण कोण होतं? मी सांगितलं. आणखी कोण? आणखी कुणी नाही. मग तिनं गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. दुकान उघडं असताना तिच्या गळ्यात टेप नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई पुण्याहनं परत येऊन पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा एक शब्द बोलल्या न्हाईत," ती म्हणाली. "पडद्याआड गेल्या, पदर काढला. मी टेप लावला. डावीकडं काहीच नव्हतं, टाक्यांची जागा अजून ओली हुती. जाताना एवढंच विचारलं, कळंल का हो कुणाला? मी म्हनलं, माझ्याकडनं न्हाई."

तिनं टेबलावरचा टेप गुंडाळून ठेवला.

"तो शब्द मी दिला हुता शैला. तुझा नव्हता तो. मग तू कसा मोडलास?"

हसीनाबी हुक लावता लावता डोळे पुसत होती, तिचं चुकलं नसताना.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. चौधरी बाईंच्या पोटात काही राहणं शक्यच नव्हतं. गावात होनराव बाईंबद्दल हळहळ सुरू झाली, आणि हळहळीच्या मागोमाग दुसरं सुरू झालं. बायका दुकानात येऊन आईला विचारायला लागल्या, आमचंपण आहे का हो तुमच्या पोरीच्या मशिनीत? भर लग्नसराईत सात जणींनी न शिवलेली कापडं परत नेली. आई प्रत्येकीला कापड घडी घालून, पिशवीत भरून देत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, चूक आमची झाली. माझी झाली असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

मी लॅबमध्ये जाऊन ती पन्नास नावं पुसली. फ्लॉपीवरची पुसली, मग फ्लॉपीच मोडून टाकली. मग पहिल्यापासून प्रोग्राम लिहायला बसले. या वेळी 'प्रायव्हेट' काढलं नाही. कॉम्प्युटर अडवायचा तिथं थांबायचं आणि विचार करायचा, बाहेरच्याला इथं नेमकं काय हवं आहे? माप हवं आहे का? नाही. ब्लाउज झाला का, एवढंच हवं आहे. सात दिवस लागले.

रविवारी सकाळी होनराव बाईंच्या घरी गेले. जाताना आईला सांगितलं. ती म्हणाली, मी येणार न्हाई, तुझं तू निस्तर. बाई वह्या तपासत बसल्या होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत, उभी राहा असंही म्हणाल्या नाहीत. मी दारातच उभं राहून माफी मागितली. पाठ करून नेलेली चार वाक्यं होती, दुसऱ्यातच रडू आलं. त्यांनी रडू दिलं. संपल्यावर तांब्याभांडं पुढं सरकवलं आणि विचारलं, "प्रोग्रामचं काय केलंस?"

मला वाटलं होतं त्या माझं तोंडही बघणार नाहीत. मी सांगायला लागले. सगळी नावं पुसली. आता माप आत राहतं, कापायचं काम आतल्या आत होतं. बाहेरून फक्त दोन गोष्टी विचारता येतात, शिवून झालं का आणि कधी मिळेल.

"हे आधी का नाही केलंस?"

"आधी तसंच होतं बाई. पण अडचण येत होती. जिथं तिथं अडवायचं. म्हणून तो शब्द काढून टाकला."

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. फळ्यावर एखादी पायरी गाळली की त्या अशाच बघायच्या.

"अडचण यावी म्हणूनच तो शब्द तिथं होता," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. वर बघायची हिंमत झाली नाही. निघताना त्यांनी आईच्या दुकानाचं विचारलं. सांगू नये असं ठरवलं होतं, पण सात जणींनी कापडं परत नेली हे तोंडून निघून गेलं. त्या पुन्हा वही ओढून तपासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारी दुकानात पाच-सहा बायका होत्या, त्यातल्या दोघी कापड परत न्यायलाच आलेल्या. मी टेबलाशी पिशव्या लावत होते. होनराव बाई आल्या. दुकानातलं बोलणं गपकन थांबलं. आई उठून उभी राहिली, पण पुढं काय करावं ते तिला सुचलं नाही. बाईंनी पिशवीतून निळं कापड काढून टेबलावर ठेवलं आणि शाळेच्या मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला.

"विमलताई, डावीकडची गादी आता बसलीय. या ब्लाउजला नवी घाला. आणि गळा या वेळी जरा मोठा चालेल मला."

दोघींपैकी एकीनं हातातली पिशवी हळूच बाकाखाली सरकवली. गावानं आठ दिवस कुजबुजत चघळलेली गोष्ट बाईंनी एका वाक्यात सांगून टाकली. सांगायचा हक्क त्यांचाच होता, तो त्यांनी वापरला. मला तेव्हा वाटलं, आता आई इथंच टेबलापाशी माप घेईल. लपवायचं उरलंय काय?

आईनं टेप उचलला. बाईंना पडद्याआड नेलं. पडदा नीट ओढून घेतला, टोकाला फट राहत होती तिथं पिन लावली. आकडे मनात धरले, बाहेर आली आणि आम्हा सगळ्यांकडं पाठ करून वहीत लिहिलं.

एप्रिलच्या तोंडी परीक्षेला तेच परीक्षक होते आणि त्यांना मी आठवत होते. त्यांनी मुद्दाम तोच पहिला प्रश्न विचारला. मी खाकी कागद बरोबर नेला होता, टेबलावर पसरला आणि विचारलं, सर, यात गळा कुठंय सांगा. या वेळी हसणं वेगळं होतं. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पास झाले. माढ्याच्या मुलाचं पुढं अकलूजच्या एका मुलीशी झालं, सुखात असतील.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात आले, नोकरी केली, आता नवीन लागलेल्या मुलामुलींना शिकवते. कुणी कंटाळून 'प्रायव्हेट' काढून टाकलं की माझा आवाज चढतो. त्यांना वाटतं, बगाडे मॅडम नियमाच्या फार कडक आहेत. वाटू दे.

दोन हजार सोळा साली आईचे डोळे थकले आणि तिनं दुकान बंद करायचं ठरवलं. मी दोन दिवस रजा काढून गेले. हसीनाबी तोवर मुलाकडं लातूरला गेली होती. मशिनी एका शिवणवर्गाला दिल्या. भिंतीवरचे पायाचे कागद, लहान मापापासून मोठ्यापर्यंत पाच, आईनं एकेक खिळ्यावरून काढले, धूळ झटकली, गुंडाळून त्यावर सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिले. म्हणाली, तुझ्या त्या पोरांना दाखव.

मग तिनं ड्रॉवरचं कुलूप काढलं. एकोणतीस वह्या होत्या. मी हात पुढं केला तर तिनं त्या माझ्या हाताला लागू दिल्या नाहीत. पदरात भरून परसात नेल्या. परसातल्या तांब्याच्या बंबात मी सकाळी आंघोळीचं पाणी भरून ठेवलं होतं. तिनं जाळ पेटवला आणि एकेक वही फाडून आत घालायला लागली.

मी पायरीवर बसून बघत होते. होनराव बाई वर्षापूर्वीच गेल्या होत्या. मी म्हटलं, आई, निम्म्या बायका तर आता नाहीत. होनराव बाई नाहीत. आता कुणापासून जपायचं?

"त्या नसल्या तरी माप त्यांचंच हाय."

"आणि मी? मी तुझी मुलगी ना? मलासुद्धा नाही?"

आईनं चिमट्यानं जळती पानं आत ढकलली. धुरानं तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"मुलगी हाईस म्हणून कागद दिले की," ती म्हणाली आणि शेवटची वही आत सारली.

पाणी चांगलं कढत झालं होतं. तिनं माझ्यासाठी बादली काढली, हात घालून बघितला, त्यात गार पाणी घातलं, आणि म्हणाली, जा, आधी तू आंघोळ करून घे.